नीळ घातलेले धबधबे

मला धबधब्यांचा तिटकारा आहे. खऱ्या धबधब्यांचा थोडा आणि फोटोतल्या धबधब्यांचा फार. आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस "तुमची काय बुवा मजा आहे, घरातच निसर्ग" असं म्हणतो आणि मला हसून मान डोलवावी लागते. हॉलमध्ये सोफ्याच्या वर धबधबा. बेडरूममध्ये कपाटाशेजारी धबधबा. स्वयंपाकघरात जिथे कॅलेंडर होतं तिथे धबधबा, आणि कॅलेंडर बिचारं दाराच्या मागे गेलेलं. दुधाचा खाडा बघायचा तर दार लावून घ्यावं लागायचं.

हा सगळा आमच्या ह्यांचा उद्योग. हे तुर्भ्याला एका केमिकल कंपनीत प्लँटवर होते. शिफ्टची नोकरी, अंगाला कायम कसला तरी उग्र वास आणि सुट्टीच्या दिवशी फक्त झोप. निवृत्त झाल्यावर काही महिने ते घरात नुसते फिरत राहिले. डब्यांची झाकणं उघडून आत काय आहे ते बघायचे, मी दुकानात निघाले की कधी येशील म्हणून विचारायचे. मग त्यांनी कॅमेरा घेतला. मी मनात म्हटलं, सुटले. जगात इतके विषय पडलेले असताना हा माणूस धबधब्यालाच चिकटून बसेल याची मला काय कल्पना?

वाशीच्या बाजूला निवृत्त लोकांचा एक फोटोग्राफीचा ग्रुप आहे, त्यात हे शिरले. तिथे सगळेच एकमेकांना सर म्हणतात. ग्रुपचे प्रमुख पूर्वी कॉलेजात शिकवायचे, म्हणून ते जरा जास्तच सर. पावसाळा लागला की ही मंडळी गाड्या काढून डोंगराकडे जातात, कॅमेऱ्यापुढे काळी काच लावतात, शटर बराच वेळ उघडं ठेवतात आणि धावत्या पाण्याचं दूध करून घरी आणतात. पुढचं काम कॉम्प्युटरवर. त्याला ते फोटो सुधारणं म्हणतात. "जरा सुधारायला बसतो" म्हणून हे खोलीत गेले की जेवणाला चार हाका माराव्या लागायच्या.

मी त्यांच्याबरोबर एकदाच गेले. धबधब्याचं नाव सांगत नाही. पनवेलच्या पुढे आहे एवढं पुरे, नाहीतर उद्या आणखी गर्दी व्हायची. गाडीतून उतरले तेव्हाच पहिला पाय चिखलात गेला आणि दुसरा मक्याच्या चोखलेल्या कणसावर. वाटेच्या दोन्ही बाजूंना वेफर्सची पाकिटं, थर्माकोलच्या प्लेटा, फुटक्या बाटल्या. झाडाच्या फांदीवर कुणाची तरी ओली चड्डी लटकलेली. खाली डोहात बनियनवरचे बाप्ये मोठा स्पीकर लावून नाचत होते. त्यांच्या मधून एक वापरलेलं डायपर फुगून गोल गोल फिरत होतं. ते जवळ आलं की कुणीतरी पायाने ढकलायचा आणि ते पुन्हा पाण्याबरोबर फिरून यायचं. मी वर बघितलं तर वरच्या खडकावर एक गृहस्थ धारेत उभं राहून लघवी करत होता. खाली लोक तेच पाणी ओंजळीने तोंडावर मारत होते.

मी ह्यांना म्हटलं, अहो, बघितलंत का हे? हे दगडावर ट्रायपॉड रोवून अगदी शांत बसले होते.

"बघितलं ना," ते म्हणाले. "फोटोत यातलं काही नसणार. तू टेन्शन घेऊ नकोस."

आणि खरंच नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी मला शेजारी बसवून दाखवलं. वेफर्सच्या पाकिटावर शेजारचा ओला दगड उचलून चिकटवला. बाटलीवर शेवाळ आणून पसरलं. चड्डी गेली, तिथे पानं आली. बाप्ये एक एक करून पुसले आणि त्यांच्या जागी पाणी भरलं. वरचा गृहस्थही गेला. मी कबूल करते, हात फार साफ होता. कुठे जोड दिसत नव्हता. प्लँटवर आयुष्यभर मीटरच्या काट्यांकडे बघत बसलेल्या माणसाला असलं बारीक काम येईल असं मला वाटलं नव्हतं.

पण तो स्वच्छ झालेला धबधबा बघून मला प्रत्यक्षातल्यापेक्षा जास्त किळस आली. मी विचारलं, मग ती घाण गेली कुठे? ते म्हणाले, डिलीट. मी म्हटलं, तुमच्या कॉम्प्युटरमधून गेली, डायपर अजून तिथेच फिरतंय. आणि हा फोटो बघून आणखी चार कुटुंबं पोरंबाळं घेऊन तिथे जाणार. हे हसले आणि फोटो ग्रुपवर टाकला. लगेच टुणटुण सुरू झाली. स्वर्ग, सर. शब्द नाहीत, सर. निसर्गदेवतेला नमन. त्या नमन करणाऱ्यांतले निम्मे लोक सकाळी आमच्याबरोबर त्याच चिखलात उभे होते.

माझं असं आहे, मला तोंडावर एक आणि मनात एक जमत नाही. धंद्यानेच ती सवय मोडली. कोपरखैरण्यात माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, रुबियाची ठाणं छतापर्यंत. बाई साडी घेऊन येते, मी ठाण उलगडते, आणि दोघींना पटलं की साडी आणि कापड घेऊन आम्ही दुकानाच्या पायरीवर उजेडात जाऊन उभ्या राहतो. ट्यूबलाइटखाली सख्खे वाटलेले रंग उन्हात एकमेकांचं तोंड बघत नाहीत. तिथे मी बाईला खोटं बोलून कापड खपवलं तर ती पुन्हा येणार नाही, आणि येताना चार जणींना घेऊन तर नाहीच नाही. त्यामुळे ह्यांचे फोटोही मी तसेच बघत आले. बरा असेल तर बरा, वाईट असेल तर वाईट.

पहिल्या दोन पावसाळ्यांतले काही बरे होते, तेही मी सांगितलं होतं. एक तर खरोखर छान होता. पाण्याची बारीक धार, काळा कातळ आणि बाजूला एक सुकलेली फांदी. तो मी दुकानातही लावू दिला असता. पण नंतर रंग बिघडायला लागले. पाणी निळं व्हायला लागलं. आधी किंचित, मग चांगलंच. धुण्यात नीळ जास्त पडली की धोतरं निघायची तसं. पानं पोपटी, दगड जांभळे आणि आकाश असं की बघून दात शिवशिवावेत. मी म्हटलं, अहो, हे काय? नीळ ओतली का? बालवाडीच्या भिंती रंगवताय का? ते म्हणाले, जास्त कुठे झालंय, पाणी तर जेमतेम पांढरं दिसतंय. मी म्हटलं, हे पांढरं? मग आमचं जुंपलं. तुला ब्लाउजपीसच्या पलीकडे काही कळत नाही, इथपर्यंत गाडी आली. मीही मग मागे राहिले नाही. मी म्हटलं, हे तुमचे धबधबे बघितले की मला घाण वाटते, आणि ते मी रोज बघायचे, चहा पिताना, भाजी निवडताना, झोपायच्या आधी.

ते ग्रुपवर टाकायचे आणि ग्रुप वाहवा करायचा. काय रंग, सर. तुमची स्वतःची शैली, सर. मग ते फोन माझ्यासमोर धरायचे. न बोलता नुसता धरायचे.

त्यानंतरच्या एका पावसाळ्यात ह्यांनी सगळ्यात भडक फोटोचं भलंमोठं कॅनव्हास करून आणलं आणि हॉलमध्ये सोफ्याच्या वर लावलं. त्याच सुमारास ग्रुपने वाशीत हॉल घेऊन प्रदर्शन भरवायचं ठरवलं. धबधबे हाच विषय. प्रमुख सरांनी फोन करून सांगितलं की मधली भिंत तुमची. ह्यांनी फोन ठेवला आणि बराच वेळ खिडकीशी उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना मधली भिंत दिली होती. गावाकडे भावाला फोन गेला, कंपनीतल्या जुन्या मित्रांना गेला, व्याह्यांना गेला. सगळ्यांनी यायचं होतं. नवीन शर्ट शिवायला टाकला.

मी मनातून धास्तावले होते. ग्रुपची वाहवा फोनमध्ये बंद होती तोवर ठीक. हॉलमध्ये उजेडात ते निळे धबधबे टांगले जाणार आणि भाऊ, व्याही, कंपनीतले लोक समोर उभे राहून बघणार. लोक तोंडावर काही बोलणार नाहीत. जिन्यात उतरताना बोलतील. आणि हे मागून उतरत असले तर?

आणि मग ती रुबियाची गोष्ट झाली. माझी मदतनीस रजेवर होती, म्हणून हे दुकानात बसले होते. त्या दिवशी पांढऱ्या रुबियाचं नवं ठाण आलं होतं. ह्यांनी प्लास्टिक काढलं, कापड हाताने चाचपलं आणि म्हणाले, "अगं, माल परत कर. पिवळा पडलाय."

मी बघितलं. ठाण असं पांढरं होतं की डोळ्यांवर येत होतं. मला वाटलं चेष्टा करताहेत. पण ते करत नव्हते. त्यांनी बोटाने दाखवलं, हे बघ, इथे पिवळट, इथेही. मी दोन रिळं काढली, एक काळं आणि एक नेव्ही ब्लू, आणि विचारलं की यातलं काळं कुठलं. त्यांनी दोन्ही हातात घेऊन उलटीपालटी केली. दोन्ही काळी आहेत की, म्हणाले. मी त्यांना दंडाला धरून पायरीवर उन्हात नेलं आणि पुन्हा विचारलं. उन्हात त्यांनी डोळे मिचकावले, रिळं नाकाजवळ नेली, आणि मग हळूच म्हणाले, एक जरा जुनं आहे का?

समोरून भाजीची हातगाडी चालली होती. मी तिथेच पायरीवर बसले. घरात ट्यूब बदला, उजेड कमी पडतो म्हणून किती दिवस चाललं होतं. चष्मेवाल्याने दोनदा नंबर बदलून दिला होता. मी मात्र रंगांवरून भांडत बसले होते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून बघितलं आणि सांगितलं, दोन्हीकडे मोतीबिंदू, आणि चांगला पिकलेला. मी त्यांना धबधब्यांचं सांगितलं. ते म्हणाले, तुमचे मिस्टर बरेच दिवस जगाकडे चहाच्या रंगाच्या काचेतून बघताहेत. पांढरं त्यांना पिवळट दिसतं, निळा तर फारसा पोचतच नाही. म्हणजे हे पाणी निळं करत नव्हते. त्यांना ते पिवळं दिसत होतं आणि ते बिचारे ते पांढरं करत होते. जुनाट पिवळ्या कपड्यांना आपण नीळ देतो, तसं. त्यांना पांढरं दिसेपर्यंत ते नीळ ओतत राहिले होते.

हे सगळं डॉक्टरांनी ह्यांच्यासमोरच सांगितलं, पण ह्यांचं लक्ष तारखेकडे होतं. ऑपरेशन एका डोळ्याचं आधी, दुसऱ्याचं नंतर. हे म्हणाले, दोन्ही डोळे प्रदर्शन झाल्यावर करू. आता मध्येच पट्टी, थेंब, धूळ नको. डॉक्टर म्हणाले, तुमच्या सोयीने. मी गप्प बसले, कारण दवाखान्यात भांडण बरं दिसत नाही. मनात मात्र ठरत नव्हतं. आधी ऑपरेशन केलं तर हे स्वतःच्या डोळ्यांनी बघणार आणि मोडून पडणार. नंतर केलं तर लोक बघणार.

ते ठरवून दिलं कोपरखैरणे गावातल्या एका बाईने. त्या माझ्या जुन्या गिऱ्हाईक, सणाची साडी घेतली की आधी माझ्याकडे येणाऱ्या. त्यांचा मुलगा ग्रुपमधला एकुलता एक तरणा मेंबर. चाळी भाड्याने दिलेल्या, हातात भारी कॅमेरा. त्या दिवशी त्यांनी साडीची पिशवी काउंटरवर ठेवली, पण उघडली नाही.

"वयनी, तुला सांगू का नको, मना कलत नाय," त्या म्हणाल्या. "पन तू बगलेला बरा."

त्यांनी मुलाच्या फोनवरून स्वतःकडे घेतलेलं एक चित्र दाखवलं. ह्यांचाच धबधबा होता, कॅनव्हासवाला. त्याच्या खाली कुणीतरी बादली काढली होती आणि वर लिहिलं होतं, 'धुणं आणा, नीळ फुकट.' असे बरेच होते. एकात ह्यांचा गॉगल घातलेला फोटो कापून पाण्यात बसवला होता. मी विचारलं, हे ग्रुपवर येतं? त्या म्हणाल्या, त्या ग्रुपवर नाही, दुसरा आहे. तुमचे मालक नसलेला. तिथे सगळेच आहेत, ते मास्तरपन हाईत. मग त्यांनी फोन पदराने पुसला आणि पिशवीत टाकला. साडी न दाखवताच गेल्या.

मी आयुष्यात बरीच घाण बघितली. दुकानासमोरचं गटार दर पावसाळ्यात तुंबतं, त्याच्या शेजारी उभं राहून मी गिऱ्हाईक केलंय. पण त्या दुपारी फोनमध्ये बघितली ती वेगळी होती. नीळ हा शब्द मीही वापरला होता. पण मी तो त्यांच्या तोंडावर वापरला होता.

मी प्रमुख सरांना फोन लावला. विचारलं, सर, ह्यांचे फोटो तुम्हाला खरंच कसे वाटतात? ते आधी इकडचं तिकडचं बोलले, कला ही सापेक्ष असते वगैरे. मी म्हटलं, तुम्हाला निळं दिसतं की नाही, एवढंच सांगा. मग ते समजुतीच्या आवाजात आले.

"वहिनी, या वयात माणसाचं मन मोडायचं नसतं. त्यांना आनंद मिळतोय ना? आम्ही सांभाळून घेतो."

मी म्हटलं, आणि दुसऱ्या ग्रुपवर काय करता, तेही सांभाळूनच का? ते म्हणाले, ती मुलांची गंमत आहे हो, आम्ही मनावर घेत नाही. मी विचारलं, मग मधली भिंत कशाला दिलीत? ते म्हणाले, तिथले फोटो दारातूनच उठून दिसावे लागतात. मी फोन ठेवला आणि हात साबणाने धुतले. खरंच धुतले.

त्या संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं, ऑपरेशन प्रदर्शनाच्या आधी. ते म्हणाले, नाही. मी म्हटलं, मग मी प्रदर्शनाला येणार नाही. लग्नानंतर मी त्यांना असं कधी म्हटलं नव्हतं. भांडले भरपूर, पण येणार नाही असं नाही. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, कारण ऑपरेशन झाल्यावर तुमचं तुम्हाला कळेल, मी सांगितलेलं तुम्ही कधी ऐकलंय? दुसऱ्या ग्रुपचं मात्र मी सांगितलं नाही. ते माझ्या तोंडातून निघेना.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, काळा चष्मा दिला, थेंबांच्या वेळा दिल्या. रिक्षात बसल्यापासून ह्यांचं सुरू झालं. पुलाचा कठडा पांढरा आहे का गं? तुझी साडी जांभळी आहे? मला वाटायचं चॉकलेटी. रस्त्याकडेच्या होर्डिंगवरचे पुढारी त्यांनी एकेक करून वाचले. दारात आल्यावर आमच्या बाहेरच्या भिंतीवर हात फिरवून म्हणाले, आपलं घर एवढं पांढरं आहे होय? मी कुलूप उघडत होते. आत सोफ्याच्या वर काय होतं ते मला माहीत होतं.

ते आत आले, चप्पल काढली आणि उभेच राहिले. मी पाणी आणायला गेले नाही, तिथेच थांबले. त्यांनी चष्मा काढला. जवळ गेले, लांब आले. नंतर आतल्या खोलीत गेले, कॉम्प्युटर लावला आणि एक एक फोटो उघडत गेले. मी दारातून बघत होते. काही वेळाने ते म्हणाले, हे मी केलंय? मी म्हटलं, हो. ते म्हणाले, तुला हे असंच दिसत होतं? मी म्हटलं, हो. मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"तू बोलायचीस," ते म्हणाले. "मग ह्या सगळ्यांना कसं दिसत होतं?"

आता खोटं बोलायची वेळ होती. बायका अशा वेळी बोलतात, आणि बरोबरच करतात. पण मला सुचलंच नाही. मी म्हटलं, सगळ्यांना असंच दिसत होतं. त्यांनी मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही. दुसरा ग्रुप मी तिथेही गिळला. सांगायची गरजही उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी मला हाक मारली. कॉम्प्युटरवर एक साधा, अजून न सुधारलेला धबधबा होता. म्हणाले, तू रंगातली आहेस. सगळ्यात वाईट काय दिसेल? मला त्यांचा डाव कळला. मी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, राणी कलर. त्यांनी स्क्रीनवरची रंगाची पट्टी ओढली आणि पाणी राणी झालं. मी म्हटलं, पानं मोरपंखी करा. केली. दगड? दगड पिवळे. आकाशाला काय, म्हणाले. मी म्हटलं, आकाशाला मेंदी. खालच्या कोपऱ्यात वेफर्सचं पाकीट होतं, ते त्यांनी पुसलं नाही. उलट थोडं मोठं केलं. आम्ही दोघं पोरांसारखी हसत होतो. इतक्या वर्षांत त्यांच्या त्या सुधारण्यात मी पहिल्यांदा सामील झाले होते.

त्यांनी तो ग्रुपवर टाकला. खाली नेहमीसारखं लिहिलं, आजचा प्रयत्न. आम्ही फोन टेबलावर मध्ये ठेवला.

पहिला मेसेज आला तो ग्रुपमधल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या एका सरांचा. अप्रतिम. मग एक, निःशब्द. मग हात जोडलेले, मग फुलं. एकाने लिहिलं, सर, यावेळी तुम्ही स्वतःलाच मागे टाकलंत. गावातल्या त्या बाईंच्या मुलाचा अंगठा आला. हे प्रत्येक मोठ्याने वाचत होते, अगदी सावकाश, एखाद्याची हजेरी घ्यावी तसे. शेवटी प्रमुख सर आले. त्यांनी लिहिलं, हा मधल्या भिंतीवर मधोमध.

ह्यांचं हसू तोवर मावळलं होतं. त्यांनी फोन उचलला आणि बोटाने एकेक अक्षर शोधत लिहिलं, कारण जवळचा चष्मा अजून मिळायचा होता. मला दाखवलं नाही, पण मी शेजारून वाचलं. 'मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता नीट दिसतं. मधली भिंत दुसऱ्या कुणाला द्या.'

सगळ्यांनी वाचल्याच्या खुणा आल्या. कुणीतरी लिहायला लागला आणि थांबला. दुसरा लागला, तोही थांबला. मग प्रमुख सरांचं आलं. 'हार्दिक अभिनंदन सर. आता आणखी सुंदर फोटो येऊ द्या.' आणि त्याच्या खाली पुन्हा फुलांची रांग लागली, एकामागून एक. मला इतकी किळस आली की मी उठून बाल्कनीत गेले. ह्यांनी फोन उपडा ठेवला होता. भावाला आणि व्याह्यांना काय सांगायचं ते त्यांनी माझ्यावर सोपवलं. मी प्रदर्शन रद्द झालं म्हणून सांगितलं.

पुढचे काही दिवस घरात ग्रुपचं नाव निघालं नाही. थेंब वेळेवर घालून घ्यायचे. खोलीचं दार बंद असायचं आणि कॉम्प्युटर लागलेला नसायचा. एका सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले तर ते सोफ्यासमोर उभे होते. ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर तळहात धरलेला आणि दुसऱ्या, जुन्या डोळ्याने ते कॅनव्हासकडे बघत होते. मी आल्याचं त्यांना कळलं, पण हात काढला नाही.

"या डोळ्याने अजून छान दिसतो गं," ते म्हणाले. "पाणी पांढरंशुभ्र."

मी कप टीपॉयवर ठेवला. त्यांनी आणखी थोडा वेळ बघून घेतलं, मग हात खाली केला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "डॉक्टरांना फोन कर. दुसऱ्याचीही तारीख घेऊन टाक."